चांदीचं पिवळं पाणी: सुरू करण्याआधी काय काय जमवायचं

चांदीच्या तारांतून बॅटरीची वीज सोडून पाण्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगते ठेवायचे, म्हणजेच कोलॉइडल चांदी करायची, असा हा प्रयोग. आधी पाणी. प्रयोग बिघडतो तो बहुतेक इथंच. सांगलीत नळाला येणारं कृष्णेचं पाणी क्लोरीन मारलेलं असतं, बोअरचं तर क्षारांनी जड. दोन्हींत क्लोराइड असतं आणि चांदीशी गाठ पडली की त्याचं पांढरट सिल्व्हर क्लोराइड होतं. आरओचं पाणीही चालत नाही. डिस्टिल्ड पाणी आणा आणि बाटलीवरच्या शब्दावर विसंबू नका, विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून पाहा. ० किंवा १ दिसलं तरच घ्या. बीकर बोरोसिलिकेट काचेचा, २५० मिलीचा. भांड्याच्या साबणानं धुतला असेल तर शेवटचे तीन हात याच पाण्याचे.

तार ९९९ (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध) चांदीची, साधारण १५ सेंटिमीटरचे दोन तुकडे. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचं विटा गाव सांगली जिल्ह्यातच आहे, तेव्हा टंच करून (शुद्धता तपासून) घेतलेली तार मिळायला अडचण नसावी. पैंजण-जोडवी मोडून वापरू नका. ९२५ च्या चांदीतही साडेसात टक्के इतर धातू असतो, बहुधा तांबं, आणि तेही पाण्यात उतरतं. तारा ३ सेंटिमीटर अंतरावर पुठ्ठ्यात खोचा. तारांना बॅटरी जोडणारे मगरचिमटे पाण्याच्या वर राहिले पाहिजेत, नाहीतर चिमट्याचाच धातू विरघळत बसतो.

वीज घरच्या प्लगची मुळीच नको. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २७ व्होल्ट होतात. मध्ये २७ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की प्रवाह १ मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. तेवढ्या प्रवाहानं तासाला ४ मिलिग्रॅम चांदी सुटते, म्हणजे २५० मिलीत लिटरमागे सुमारे १६ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात थोडी कमीच, कारण काही चांदी समोरच्या तारेवर काळी, कापसासारखी साठते. दर दहा मिनिटांनी चिमटे अदलाबदल करा आणि काचकांडीनं हलवत राहा. घाईनं व्होल्टेज वाढवलं तर तळाशी काळा गाळ, बाकी काही नाही.

निव्वळ पाण्यातून प्रवाह जेमतेम वाहतो, म्हणून सोडियम कार्बोनेट लागतं: १०० मिलीत १०.६ ग्रॅम, त्यातले पाच थेंब. धुण्याच्या सोड्यात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलाच घ्या. एवढं करूनही बीकरमध्ये असतात ते मुख्यतः चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू), रंग नसलेले. त्यांचे कण व्हायला क्षपणक, म्हणजे आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा पुन्हा धातू करणारा पदार्थ, हवा: साधं ग्लुकोज, १०० मिलीत १८ ग्रॅम, तेही पाच थेंब. प्रवाह बंद करून ते घाला आणि बीकर गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. साखर चालणार नाही, ती क्षपणक नाही. गुळाचा मोह सांगलीकरांना होणारच, पण त्यात क्षार असतात आणि त्याचा स्वतःचा पिवळा रंग फसवतो.

लेझर पॉइंटर आणि काळा कागद जवळ ठेवा. सुरुवातीच्या पाण्यात किरण दिसता कामा नये, शेवटी कणांवर विखुरून तो लख्ख दिसला पाहिजे. मात्र गढूळ सिल्व्हर क्लोराइडमधूनही किरण दिसतो, म्हणून रंगही बघा. बारीक कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश गिळतात, म्हणून द्रावण पारदर्शक पिवळं दिसतं. करडं झालं तर कण एकमेकांना चिकटले असं समजा.

बाटली तपकिरी काचेची, वर ठळक चिठ्ठी: पिण्यासाठी नाही. डोळ्यांत किंवा जखमेवरही नाही. पोटात जात राहिलेली चांदी कातडीत साठून ती कायमची निळसर-करडी होते, त्याला आर्जिरिया म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कोलॉइडल चांदीला १९९९ सालीच सुरक्षित किंवा गुणकारी मानायला नकार दिला. चांदीच्या द्रावणात अमोनिया कधीच मिसळून ठेवू नका, सुकताना त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो.

उरलेल्या पाण्यासाठी एक जुनी बरणी बाजूला काढा. त्यात चमचाभर मीठ घालून दोन दिवस ठेवा, गाळ बसला की वरचं पाणी निथळून घ्या आणि गाळ बरणीतच साठवा. चांदीचं पाणी तसंच मोरीत ओतू नका: सेप्टिक टँकमधले जिवाणू चांदीनं मरतात आणि ओढ्यातल्या माशांनाही ती विषारीच.