खानदेशच्या उन्हात घरचा पाव: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पाव पहिल्यांदा करणारा माणूस पिठाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघतो. कृतीत लिहिलेलं असतं, 'दीड तास झाकून ठेवा'. ही वेळ बहुतेक वेळा २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी असते. जळगाव-भुसावळला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ पर्यंत चढतो. तिथे दुपारी ओट्यावर ठेवलेलं पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, आणि दीड तास ठेवलं तर आंबट होऊन बसतं. उलट डिसेंबरात धुळ्याच्या गारठ्यात तेच पीठ दोन तासांतही फारसं हलत नाही. म्हणून वेळ अंदाजापुरती वाचा आणि पिठावर नजर ठेवा. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

एका पावासाठी ३०० ग्रॅम मैदा, साधारण १९० मिली पाणी, एक सपाट छोटा चमचा (३ ग्रॅम) इन्स्टंट यीस्ट, तेवढाच एक चमचा मीठ, एक चमचा साखर आणि एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल घ्या. भर उन्हाळ्यात यीस्ट निम्मं पुरतं. मैदा वाटीने मोजू नका. वाटी दाबून भरली की सैल भरली यावर वजन बरंच बदलतं, आणि पावात दहा-वीस ग्रॅमचाही फरक जाणवतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्याच.

घरच्या गव्हाची कणीक वापरायची इच्छा होणारच. वापरा, पण पहिल्या खेपेला १०० ग्रॅमच्या वर नको, आणि तेवढा मैदा कमी करा. गिरणीतली कणीक पाणी जास्त पिते, तेव्हा दोन चमचे पाणी वाढवा. तिच्यातला कोंडा पिठाची तार तोडतो, त्यामुळे पाव थोडा बसका होतो. चव मात्र चांगली लागते. ज्वारी, बाजरी किंवा कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ सध्या घालू नका. त्यांत ग्लुटेन, म्हणजे पिठाला तार देणारं गव्हातलं प्रथिन, नसतं, त्यामुळे यीस्टने तयार केलेला वायू पिठात टिकत नाही.

आता पाणी. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात पोळेल इतकं तापतं. ते सरळ यीस्टवर ओतू नका. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही. मे महिन्यात माठातलं पाणी उत्तम. थंडीत कोमट घ्या, बोट बुडवल्यावर जेमतेम ऊब जाणवेल इतकंच. यीस्टचं पाकीट बरेच दिवस उघडं असेल तर मोजलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी कोमट करून त्यात साखर आणि यीस्ट घाला. दहा मिनिटांत वर फेस आला तर ते जिवंत आहे. फेस नसेल तर नवं पाकीट फोडा, पीठ वाया घालवू नका.

मळणं हा या कामाचा गाभा आहे, आणि इथे खानदेशातल्या बायका मुळात चार पावलं पुढे आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे करणाऱ्या हातांना पिठाची तार काय असते ते सांगावं लागत नाही. सैल पीठ परातीत आपटून, ओढून, पाण्याचा हात लावत इतकं तिंबायचं की पुरण भरलेला मांडा हातांवर फिरवून खापरावर टाकेपर्यंत फाटत नाही. हे सगळं ग्लुटेनचं काम, आणि पावालाही तेच लागतं. फरक एवढाच की पावाचं पीठ मांड्याइतकं सैल नसतं, पण पोळीच्या कणकेपेक्षा नक्कीच सैल असतं.

परातीत मैदा, यीस्ट, साखर, मीठ एकत्र करा, पाणी घालून गोळा करा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. या विश्रांतीत पीठ पाणी शोषून घेतं आणि पुढचं मळणं सोपं होतं. मग तेल घालून दहा-बारा मिनिटं मळा. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, फिरवा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल. तेव्हा कोरडा मैदा भुरभुरण्याचा मोह आवरा. घट्ट पाव होण्याचं सर्वांत मोठं कारण तेच असतं. हाताला तेलाचा थेंब लावा आणि मळत राहा. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला की मळणं पुरे.

पीठ उभट, सरळ कडांच्या डब्यात ठेवा आणि त्याची पातळी रबराने खूण करून घ्या. दुप्पट झालं का, हे मग डोळ्यांना कळतं. झाकण लावाच. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ओलं फडकं थोड्याच वेळात वाळतं आणि पिठावर पापुद्रा धरतो. कूलरच्या झोतात डबा ठेवू नका. उन्हाळ्यात घरातली सर्वांत गार खोली निवडा, किंवा सरळ पहाटे पीठ भिजवा. थंडीत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी आणि शेजारी डबा, एवढी ऊब पुरते. पिठात बोट खुपसून बघा: खड्डा हळूहळू थोडासा भरून आला तर तयार, झटकन भरला तर अजून थांबा, आणि सगळं पीठच खाली बसलं तर उशीर झाला.

फुगलेलं पीठ ओट्यावर हलकेच चेपून चौकोनी पसरा, घट्ट गुंडाळी करा, शिवण चिमटून बंद करा आणि शिवण खाली ठेवून तेल लावलेल्या ८ बाय ४ इंचांच्या टिनमध्ये घाला. पुन्हा झाकून ठेवा. ही दुसरी फुगवण उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या आत होऊ शकते. पीठ टिनच्या काठाला आलं की ओव्हन २०० अंशांवर तापायला लावा. तो तापेपर्यंत ते काठावर बोटभर चढतं.

वरून दुधाचा हात फिरवून टिन खालच्या कप्प्यात ठेवा, कारण छोट्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) वरची तापणारी कांडी फार जवळ येते. ३० ते ३५ मिनिटं लागतात. वरचा भाग लवकर तांबूस झाला तर फॉइल झाका. पाव टिनमधून काढून तळाशी टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. आतली धग बराच वेळ टिकते. वीज आल्यावर पाच-दहा मिनिटं जास्त द्या.

ओटीजी नसेल तर जाड बुडाचा कुकर चालतो. शिट्टी आणि रबर काढा, आत पाणी न घालता तळाशी स्टँड ठेवा, दहा मिनिटं तापवा आणि टिन ठेवून मंद आचेवर ४०-४५ मिनिटं भाजा. वरून रंग येणार नाही, तेवढ्यासाठी पाव तव्यावर उलटा करून शेकून घ्या.

भाजलेला पाव जाळीवर निदान तासभर राहू द्या. गरम असताना कापला तर आतला भाग चिकट, कच्चा वाटतो आणि मेहनतीवर पाणी पडतं. शेवभाजीच्या झणझणीत रश्शात या पावाचा भाजलेला तुकडा बुडवून खाऊन बघा. भरिताबरोबर मला तरी भाकरीच लागते.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर वातड होतो. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर दोन दिवस चांगला राहतो. पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, तेव्हा पहिल्याच दिवशी काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे थेट तव्यावर भाजा.