बिडाच्या जुन्या शेगडीखालची बैठक

अमेरिकेच्या ईशान्य भागात जुने लाकडी घर घेतले, की लाकडावर चालणारी बिडाची शेगडी कधी कधी घराबरोबरच पदरात पडते. अशा शेगडीवर सुरक्षा-चाचणीची पट्टी बहुधा नसते. अशा वेळी नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या 211 क्रमांकाच्या मानकातील कडक मापे पाळावीत आणि स्थानिक परवाना आधीच काढावा.

लाकडी जमिनीला धोका निखाऱ्याचा असतो, तसाच तासन्‌तास खाली उतरणाऱ्या उष्णतेचाही असतो. फरशी निखारा अडवते, पण उष्णता मात्र खालच्या लाकडापर्यंत पोचू देते. आणि वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे होऊन पूर्वीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. म्हणूनच प्लायवूडवर नुसत्या टाइल्स चिकटवून केलेली बैठक, म्हणजे शेगडीखालचा संरक्षक थर, दिसायला देखणी असली, तरी माझ्या मते तिच्यावर विसंबणे सर्वांत धोक्याचे आहे.

प्रथम शेगडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे, कारण बैठकीची रचना त्यावर ठरते. उंची 6 इंच किंवा अधिक असल्यास किमान 2 इंच जाडीच्या भरीव विटा एकमेकींना भिडवून मांडाव्यात आणि वर 24 गेजचा पत्रा घालावा. उंची 2 ते 6 इंच असल्यास 4 इंच जाडीचे काँक्रीटचे पोकळ ब्लॉक आडवे ठेवून त्यांची भोके एका रेषेत आणावीत, म्हणजे हवा या टोकापासून त्या टोकापर्यंत खेळती राहील. पत्रा याही रचनेवर हवाच. उंची 2 इंचांहून कमी असेल, तर ती शेगडी लाकडी जमिनीवर ठेवूच नये.

बैठक शेगडीच्या चारही बाजूंना 18 इंच बाहेर यावी. संरक्षण नसलेल्या लाकडी भिंतीपासून शेगडी 36 इंच दूर राहिली पाहिजे, म्हणून आधी खडूने जागा आखून मगच ब्लॉक आणावेत. आखलेल्या जागेतला गालिचा व लिनोलियम काढून टाकावे. शेगडी आणि ब्लॉक यांचे एकत्रित वजन मोठे असल्याने तळघरातून तुळया पाहून घ्याव्यात व गरज वाटल्यास जाणकाराकडून टेकू लावून घ्यावा.

पोकळ ब्लॉकांची उघडी टोके वाईट दिसतात म्हणून कडेने शोभेची पट्टी ठोकण्याचा मोह होतो. तसे केल्यास हवेची वाटच बुजते. त्या भोकांत साचलेली राख व धूळ शेगडी पूर्ण थंड असताना अधूनमधून काढावी.