बाकावर बसलेली मुलगी आणि माझी वही

मुलगी दहा वर्षांची, आईस हॉकीत डिफेन्सला खेळते. सामना संपला की गाडीत गप्प. एकदा स्केटच्या नाड्या सोडताना म्हणाली, "बाबा, पक माझ्याकडे आला की मला सरांचा आवाजच ऐकू येतो." पक (बर्फावर सरकणारी रबरी चकती) कुणाकडे द्यायचा ते सुचायच्या आत बाकावरून आरडाओरडा! चुकली की पुढचा अख्खा पिरियड बाहेर.

त्याच रात्री फोन करणार होतो. पण हॉकीच्या पालकांत एक पथ्य पाळतात: सामन्यानंतर 24 तास प्रशिक्षकाशी बोलायचं नाही. पाळलं, नाहीतर नक्कीच भांडलो असतो.

मग दोन आठवडे वही घेऊन बसलो. तिची शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर खेळायची पाळी, किती सेकंदांची, सरावात मुलं किती वेळ नुसती रांगेत उभी. एका तासाच्या सरावात ती जेमतेम बारा मिनिटं स्केटिंग करत होती. खरा रोग हा होता, ओरडणं नंतरचं.

भेटलो तेव्हा "तिला का खेळवत नाही" हे विचारलंच नाही. विचारलं, "तिने नेमकं काय सुधारावं?" सर अडखळले. वही दाखवली तर चिडलेही. शेवटी टीम मॅनेजरला मध्ये घेतलं. आता बर्फाचे तीन भाग करून तीन गट एकाच वेळी खेळतात, छोट्या जागेत तीनास तीन.

सर अजूनही ओरडतात. पण परवा गाडीत बसल्या बसल्या तिने एका पासचं वर्णन सुरू केलं, ते घर येईपर्यंत.