जर्मनीत जर्मन शिकताना मन खचतं तेव्हा: या चुका टाळा

पुण्यात जर्मनची बी१ ही मधल्या पातळीची परीक्षा पास होऊन मी लाइपझिगला पोचले. पहिले तीन आठवडे ट्राममधली पाटी वाचता आली तरी खूश. चौथ्या आठवड्यात बेकरीतल्या बाईंनी काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही, तेव्हा त्यांनी तेच इंग्रजीत विचारलं. घरी येऊन मी ठरवूनच टाकलं की आपल्याला जर्मन येत नाही.

एका फजितीवरून भाषा मोजणं

बी१मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण, प्रत्येकात १०० पैकी ६० मिळाले की पास. बेकरीत मात्र मी स्वतःला ९९लाही नापास केलं असतं! बाईंनी एवढंच विचारलं होतं: इथे खाणार की बांधून देऊ? लाइपझिग ज्या राज्यात आहे त्या सॅक्सनीत प, त, क हे ब, द, गसारखे मऊ होतात, आणि क्लासच्या रेकॉर्डिंगमध्ये तसं कुणीच बोलत नाही. म्हणून रडण्याआधी नेमकं काय अडलं ते वहीत लिहा. समोरचा इंग्रजीवर आला तरी आपण जर्मनमध्येच उत्तर द्यायचं. बहुतेकदा त्याला फक्त घाई असते.

मराठी बंद करणं

ही माझी सगळ्यात मूर्ख चूक. भाषा लवकर यावी म्हणून घरी फोन करणंच कमी केलं. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळेसाठी इथली घड्याळं तासभर मागे गेली आणि भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास झाला. संध्याकाळी सातला खोलीवर यावं, तर पुण्यात साडेअकरा, आई झोपलेली. डिसेंबरात चारलाच अंधार, रविवारी दुकानं बंद. उपाय साधा होता: सकाळी साडेसातला फोन. तिकडे दुपारचे बारा, आईचा स्वयंपाक उरकत आलेला. (उलट टोकही वाईटच. चार मराठी मुलींनी मिळून फ्लॅट घेतला की जर्मन दाराबाहेर राहते.)

शिवाय मराठी इथे कामाला येते. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'एक आणि वीस', आपल्यासारखंच एकक आधी. अडीच वाजले हे सांगायला 'हाल्ब द्राय', म्हणजे अर्धा तिसरा. आपला 'अडीच'ही संस्कृतातल्या अर्धतृतीयावरून आलाय. हे कळलं त्या दिवशी मी वर्गात एकटीच हसत होते. लिंगं मात्र जुळतीलच असं नाही: चंद्र तिकडेही 'तो', पण सूर्य 'ती' आणि मुलगी चक्क 'ते'.

आपण बुद्दू झालो असं समजणं

यावर फार कुणी बोलत नाही. घरात मी सगळ्यात बडबडी, आणि इथे टेबलावर बसून 'या, गेनाउ' (हो, बरोबर) एवढंच. विनोद सुचायचा, पण क्रियापद जुळवेपर्यंत विषय तीन वाक्यं पुढे गेलेला असायचा. घोळक्यात हे सुधारत नाही. टँडम पार्टनर शोधा: अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची. दोघंही आळीपाळीनं अडखळतात, त्यामुळे लाज निम्मी होते. माझा पहिला जर्मन विनोद तिथेच जमला. फार बरा नव्हता.

झोप किंवा भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, तर तो भाषेचा प्रश्न राहिलेला नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या 'श्टुडिरेंडनवेर्क' या सेवासंस्थेकडे समुपदेशन मिळतं. त्यासाठी आधी जर्मन सुधारायची वाट पाहू नका. बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही बोलता येतं.