रिमोटच्या होडीतील दिव्यांसाठी अ‍ॅटटाइनी-85

रिमोटवर चालणाऱ्या होडीत दिवे बसवून ते ट्रान्समीटरवरील एखाद्या मोकळ्या स्विचने चालू-बंद करण्यासाठी अ‍ॅटटाइनी-85 ही आठ पायांची, प्रोग्रॅम भरता येणारी चिप पुरेशी आहे. रिसीव्हरच्या प्रत्येक चॅनेलवर साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, येतो. स्विच एका टोकाला असताना त्याची लांबी सुमारे 1000 मायक्रोसेकंद, दुसऱ्या टोकाला 2000 आणि मधोमध 1500 असते. ही लांबी मोजून दिवा लावायचा की विझवायचा, एवढेच चिपने ठरवायचे असते.

आठव्या पायाला रिसीव्हरचे 5 व्होल्ट, चौथ्याला ग्राउंड आणि सातव्याला सिग्नलची तार जोडावी. पाचव्या पायावरून 220 ओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी जोडावा. होडीतील ब्रशवाल्या मोटरच्या ठिणग्यांचा त्रास होऊ नये म्हणून आठव्या आणि चौथ्या पायांमध्ये, चिपला अगदी खेटून, 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. प्रोग्रॅममध्ये मात्र सातव्या पायाचा क्रमांक 2 आणि पाचव्याचा 0 असतो. नवशिक्यांची अर्धी संध्याकाळ इथेच जाते. चिपमध्ये प्रोग्रॅम भरतानाही हेच पाय लागतात, त्यामुळे ती सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेली बरी.

नवी चिप 1 मेगाहर्ट्झवर चालते. आर्डुइनो या प्रोग्रॅम भरण्याच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत 8 मेगाहर्ट्झ निवडून एकदा ‘बर्न बूटलोडर’ (हा वेग चिपमध्ये पक्का करणारी आज्ञा) केले नाही, तर एका सेकंदाची उघडझाप आठ सेकंदांची होते आणि 1500 चा पल्स 187 च्या आसपास मोजला जातो. शिवाय चिपमधील ऑसिलेटर, म्हणजे तिचे आतले घड्याळ, 10 टक्क्यांपर्यंत पुढे-मागे असू शकतो, म्हणजे मधला 1500 हा 1350 ते 1650 पर्यंत कुठेही दिसू शकतो. म्हणून पल्स 1700 च्या वर गेल्यास दिवा लावावा, 1300 च्या खाली आल्यास विझवावा आणि मधल्या पट्ट्यात आहे ती स्थिती कायम ठेवावी. एकच सीमा ठेवल्यास दिवा तिच्यावर फडफडतो.

सिग्नल तुटल्यावर काय करायचे, याचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात, तो खरे तर आधी करायला हवा. पल्सची लांबी मोजणाऱ्या ‘पल्सइन’ या आर्डुइनोच्या फंक्शनला 30000 मायक्रोसेकंदांची मुदत दिल्यास पल्स न आल्यावर शून्य मिळते, सलग दहा वेळा शून्य आले की दिवा जलद लुकलुकवावा, म्हणजे तिन्हीसांजेला तळ्यात अडकलेली होडी दिसते. होडी पाण्याबाहेर धरून, मोटरची तार काढून आणि ट्रान्समीटर बंद करून हे तपासावे. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावरही शेवटचाच पल्स पाठवत राहतात. अशा वेळी चिपला काहीच कळत नाही, त्यामुळे रिसीव्हरचे फेलसेफ (सिग्नल गेल्यावर काय करायचे, हे ठरवणारी सेटिंग) आधी ‘पल्स बंद’वर ठेवावे.