दया करायची म्हणजे नेमकं करायचं काय?

देवाचं प्रेम अमर्याद आहे हे आपण दर रविवारी ऐकतो, जोरात आमेन म्हणतो आणि उपासना सुटली की ज्याच्याशी अबोला आहे तो दिसू नये म्हणून मागच्या गेटने सटकतो. मी दोन वर्षं सटकलोय. चुलतभावाने बोअरवेलसाठी चाळीस हजार नेले होते, परत द्यायचं नावच नाही, वर माझाच फोन उचलायचा नाही.

तर सुरुवात वहीपासून करा. कोण किती देणं लागतो, कोण काय बोललं, सगळं लिहून काढा. "जाऊ दे, त्यात काय" म्हणून क्षमा होत नाही, माणूस आतल्या आत कुढत बसतो. बायबलमध्ये मत्तय १८ मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीतला तो चाकर बघा, त्याचे सोबतच्या चाकराकडून शंभर दीनार येणं होतं आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, म्हणजे तीन महिन्यांच्या वरची मजुरी झाली, ती काही चिल्लर नव्हे, आणि येशू तिला चिल्लर म्हणतही नाही. तो फक्त शेजारी दुसरा आकडा ठेवतो, त्याच चाकराला राजाने सोडलेलं कर्ज, दहा हजार तालांत. एका तालांताचे सहा हजार दीनार धरा आणि करा गुणाकार: सहा कोटी रोज, दीड लाख वर्षांच्या वर! हे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'ऋण' म्हणतो ते उगाच नाही.

मग त्या माणसाला भेटा. "पैशाचं राहू दे, घरी ये" एवढंच बोला आणि गप्प बसा. "पण तू तेव्हा..." सुरू झालं की संपलं सगळं. आणि नंतर मंडळीत (चर्चमध्ये सगळ्यांसमोर) आपला अनुभव सांगायला, साक्ष द्यायला उभं राहून त्याची अब्रू काढू नका प्लीज.

आजाऱ्याकडे जाताना लूक १० वाचून जा. वाटेत लुटारूंनी जखमी केलेला माणूस दिसल्यावर तो शोमरोनी (शोमरोन प्रांतातला, यहुद्यांना परका वाटणारा) प्रवचन देत नाही, त्याच्या जखमेवर तेल-द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेच्या मालकाकडे दोन दीनार भरतो आणि जास्त लागले तर येताना देईन म्हणतो. आपण दवाखान्यात लांबलचक प्रार्थना करून येतो आणि रात्री पेशंटजवळ कोण थांबणार हे विचारतच नाही. ते आधी विचारा. डबा न्यायचा तर पथ्य विचारून न्या, आणि दोन दिवसांनी परत फोन करा, तेव्हा बाकीचे सगळे विसरलेले असतात.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या, पण नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. म्हणून मदत करताना समोरच्याला काय येतं, काय शिकायचंय हेही विचारा.

एक मात्र सांगतो, घरात मारहाण होत असेल तर क्षमा म्हणजे तिथेच राहून मार खाणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, पोलिसात जायला लागलं तर जा. क्षमेचं नंतर बघता येतं, कुणी बायबलमधली वचनं दाखवून घाई करत असेल तर ऐकू नका.

माझा चुलतभाऊ नाताळाला आला, करंज्यांचा डबा घेऊन. पैशाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. डबा उघडताना चाळीस हजार आठवले, खोटं कशाला बोलू. रात्री पुन्हा वही काढली.