जुन्या स्कूटरला इंडिकेटर: बॅटरी घेताना या चुका टाळा

बजाजच्या चेतक किंवा सुपरला इंडिकेटर बसवायचे ठरले की आपण आधी बॅटरी आणतो आणि मग बल्ब बघतो. क्रम उलटा करा. बॅटरी केवढी लागेल ते बल्बच सांगतात.

वळताना पुढचा आणि मागचा असे १० वॅटचे दोन बल्ब पेटतात. १२ व्होल्टवर दोघे मिळून साधारण १.७ अँपिअर खातात. निम्मा वेळ विझलेले असतात, म्हणून सरासरी ०.८. रोज बारा मिनिटं इंडिकेटर चालले असं धरलं, तर यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचं माप) बॅटरी वीसेक दिवस पुरते. हा हिशोब निम्मी बॅटरीच वापरायची असं धरून आहे. लेड अ‍ॅसिड बॅटरी पार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. २ वॅटचे एलईडी लावले तर २.५ एएचची छोटी बॅटरीही महिना काढते. माझं मत एलईडीलाच. फक्त फ्लॅशर, म्हणजे लाइट मिचकवणारा डबा, इलेक्ट्रॉनिक घ्या. जुन्या फ्लॅशरला एवढा कमी लोड कळत नाही. लाइट भराभर मिचकते नाहीतर नुसतीच पेटून राहते, आणि दोष विनाकारण बॅटरीला लागतो.

गाडी ६ व्होल्टची म्हणून बॅटरीही ६ ची घेऊ नका. इंडिकेटरचं वायरिंग हेडलाइटपासून वेगळंच ठेवायचं असतं, त्यामुळे सरळ १२ ची घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: मॅग्नेटोवरून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावरून, चार्जिंग. मी वडिलांच्या सुपरला चार डायोडचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) जोडला होता. दुसऱ्याच किकला जळका वास आला. मॅग्नेटोतल्या लाइट कॉइलचं एक टोक बॉडीला होतं आणि बॅटरीची निगेटिव्हही मी बॉडीलाच दिली होती, त्यामुळे कॉइल एका डायोडमधून थेट शॉर्ट. शिवाय रेस वाढवली की मॅग्नेटोचे व्होल्ट वाढतात, ते आवरणारा रेग्युलेटर नसेल तर बॅटरी उकळते. बॅटरी काढून घरी चार्ज करा. ७ एएचला ०.७ अँपिअरचा, भरली की आपोआप थांबणारा चार्जर पुरतो.

पाण्याची बॅटरी डिकीत ठेवू नका. सकाळी स्कूटर आडवी करून किक मारायची आपली सवय. तेवढ्यात अ‍ॅसिड सांडतं आणि पत्रा खातं. सीलबंदच घ्या, खाली रबर घालून पट्ट्याने आवळा. पॉझिटिव्हला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज हवा.

इतकं करूनही इंडिकेटर मंद? बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावा. चार्जिंगनंतर काही तास ठेवलेली चांगली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करा. इंडिकेटर चालू करताच भरलेली बॅटरी ११ च्या खाली कोसळली तर ती बदलायला झाली. व्होल्ट टिकतात आणि तरी उजेड नाही, तर अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणारा, स्क्रू काढून बघा. बहुतेक वेळा वायर रंगावरच आवळलेली असते. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा आणि परत आवळा.